‘कधीतरी घेतात, लग्नकार्यात’

काकांच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा त्यांना दाखल करायला मी आणि काकू गेलो होतो. पावसाचे दिवस, ऑफिसच्या ओल्या पायऱ्यांवरून पाय घसरला. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर आहे? बीपी? कसली अ‍ॅलर्जी? दारू? काकू म्हणाली, “कधीतरी घेतात. लग्नकार्यात.” खरं काय ते मला माहीत होतं. तरी मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नीट झालं. दिवसभर काका गप्पा मारत होते, फक्त हात थोडे थरथरत होते. अशक्तपणा असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली तेव्हा ते चादरीवरून बोटांनी काहीतरी वेचत होते. “भिंतीवर मुंग्या बघ केवढ्या आल्यात, पावडर टाक,” म्हणाले. भिंत कोरी होती. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. अंग घामाने भिजलेलं, छातीची धडधड सदऱ्यावरून दिसत होती. मग सलाइनची सुई ओढून काढली आणि ऑपरेशन झालेला पाय खाली टाकून निघालेच. सिस्टर आणि वॉर्डबॉय धावले, हात पलंगाला बांधावे लागले.

तरुण डॉक्टर होता. त्याने आम्हाला बाहेर बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “काकू, खरं सांगा. रोज किती?”

काकू एका दमात म्हणाली, “रोज एक क्वार्टर. आठ वर्षं झाली. दिवाळीपासून सकाळी पण थोडी.”

एवढा नेमका हिशेब तिच्याकडे तयार होता. पुढे कळलं, तो लिहिलेलाही होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात ना, त्याच चौकोनांत खालच्या कोपऱ्यात ती बारीक फुली मारायची. ज्या दिवशी पिऊन आले त्या दिवशी एक. सकाळीही घेतली तर दोन. कुणी पाहिलं तर दुधाचाच हिशेब वाटावा, इतकी बारीक.

व्यसन कसं ओळखावं, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. डोळे लाल होतात, चिडचिड वाढते, पैसे पुरत नाहीत, माणूस एकटा राहू लागतो. यातलं काही खोटं नाही. पण त्या रात्रीपासून मला वाटत आलंय की लक्षणं माहीत नसणं ही आपली अडचण नव्हेच. घरातल्या बाईला ती डॉक्टरच्या कितीतरी आधी कळतात. अडचण अशी आहे की ते बोलून दाखवायची किंमत आपण इतकी वाढवून ठेवलीय की ओळखणाराच ओळख लपवतो. ती किंमत कमी करणं हे एकट्या घराचं काम नाही. ते दवाखान्याचं, कचेरीचं, विमा कंपनीचं आणि सरकारचंही काम आहे.

काकांना जे झालं ते वैद्यकाला नवीन नाही. रोजच्या दारूची सवय झालेल्या शरीराची दारू एकदम बंद पडली की पहिल्या दिवसातच हात कापायला लागतात, झोप उडते, घाम फुटतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम सुरू होऊ शकतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. वेळेवर उपचार नसतील तर यात माणूस जातो. उपचार अवघड नसतात. मेंदू शांत करणारी औषधं, शिरेतून बी-१ जीवनसत्त्व आणि बारीक लक्ष. पण डॉक्टरला आधी माहीत हवं. ‘लग्नकार्यात’ या एका शब्दाने आम्ही काकांना जवळजवळ घालवलं होतं. म्हणूनच ‘चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा सल्ला देणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हे करू नका. दारू सोडवायची तीही डॉक्टरच्या नजरेखाली.

आता आपण लक्षणांना लक्षण म्हणून का पाहत नाही, ते बघू. सगळ्यांत पहिलं लक्षण तर आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. “कितीही घेऊ दे, चढत नाही त्याला.” “दारू पचवावी तर यांनी.” काकांबद्दल हे मी लहानपणापासून ऐकलं. पार्टी संपल्यावर चार जणांना घरी सोडून येणारा माणूस म्हणून त्यांचा मान होता. पण पूर्वी दोन पेगमध्ये जे होत होतं त्याला आता चार लागतात, याचा अर्थ शरीराने दारू गृहीत धरलीय. ते पचवणं नव्हे. सवय मुरत चालल्याची ती खूण आहे, आणि ती माणूस पहिल्यांदा गटारात पडण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसते. आपल्या मनातला ‘बेवडा’ मात्र गटाराशेजारीच पडलेला असतो. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर जाणारा, मुलाच्या क्लासची फी भरणारा माणूस त्या चित्रात बसतच नाही.

दुसरी सबब श्रावणाची. “व्यसनी असता तर श्रावण पाळला असता का?” हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल. श्रावण पाळता येतो म्हणून व्यसन नाही, हे गणित चुकीचं आहे. व्यसनी माणूसही काही दिवस, काही आठवडे थांबू शकतो. अनेकजण थांबतात आणि त्याच जोरावर पुढचे अकरा महिने स्वतःला आणि बायकोला समजावत राहतात. बघायचं ते श्रावणाच्या दोन्ही टोकांना. गटारी अमावस्येला तो किती साठवून घेतो? श्रावणात किती चिडतो, रात्री झोप लागते का? आणि महिना संपला की पहिल्याच संध्याकाळी पाय कुठे वळतात? बरं, बहुतेक वेळा श्रावण ‘पाळला’ म्हणजे घरी आणली नाही, एवढंच असतं.

तिसरी सबब मापाची. “रोज एकच क्वार्टर घेतो, जास्त नाही.” एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. हिशेब केला तर एका क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, याला जागतिक आरोग्य संघटना अतिरेकी पिणं म्हणते. म्हणजे ज्याला आपण ‘एकच’ म्हणतो तिथूनच संघटनेची धोक्याची रेघ सुरू होते, आणि हा माणूस ती रोज संध्याकाळी ओलांडतो.

या तिन्ही सबबींना घरातली मुलं फसत नाहीत. माझी चुलत बहीण तेव्हा सातवीत होती. ती आता सांगते, बाबांची स्कूटर गेटशी आली की स्टँड लावल्याच्या आवाजावरून तिला कळायचं. एका दमात खट्‌कन लागलं तर ठीक. दोनदा घासलं तर ती दिवा बंद करून झोपेचं सोंग घ्यायची. मैत्रिणींना तिने कधी संध्याकाळी घरी बोलावलं नाही, आणि का, हे कुणी विचारलंही नाही. शाळेत ‘हुशार पण घुमी’ असा शेरा होता. एका माणसाच्या व्यसनाची खूण अशी दुसऱ्याच माणसाच्या वागण्यात उमटते. काकू ऑफिसात फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ सांगायची, तेही लक्षणच होतं. सोमवारची रजा, गाडीच्या डिकीत बडीशेपेची पुडी, गिझरच्या मागे रिकामी चपटी, रात्री नीट बोलून ठरवलेली गोष्ट सकाळी अजिबात न आठवणं. शेवटची गोष्ट लोकांना खोटारडेपणा वाटते. पण माणूस शुद्धीत चालत-बोलत असतानाही दारूने स्मरणाची नोंदच थांबते, असं होतं. काका खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नसे.

दारूपलीकडच्या नशांचं ओळखणं वेगळं आणि जास्त अवघड. एमडी म्हणजे मेफेड्रोन घेतलेल्या मुलाच्या तोंडाला वास येत नाही. दोन-दोन रात्री जागरण आणि मग दिवसभर झोप, जेवणावरून मन उडणं, झपाट्याने उतरलेलं वजन, सतत आवळलेला जबडा, पैशांच्या थापा. पण यातलं बरंचसं नैराश्यात किंवा परीक्षेच्या ताणातही दिसतं. म्हणून दप्तर आणि मोबाइल उपसण्याआधी मुलाशी बोलावं आणि डॉक्टरला गाठावं. चुकीची ओळखही महाग पडते. रस्त्यात झोकांड्या खाणाऱ्याला ‘पिऊन पडलाय’ म्हणून ओलांडून जाणारे आपण, साखर उतरलेल्या मधुमेह्याला आणि डोक्याला मार लागलेल्यालाही तसंच ओलांडून जातो.

तर मग बोलायची किंमत किती आहे? काकूने त्या रात्री खरं सांगितल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारला होता, “डॉक्टर, हे केसपेपरवर लिहिणार का?” मला तेव्हा तिचा राग आला. नवरा पलंगाला बांधलाय आणि हिला कागदाची पडलीय. पण ती माझ्यापेक्षा शहाणी होती. बहुतेक आरोग्य विम्यांमध्ये दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम वगळलेले असतात. केसपेपरवर ‘दारू’ आलं आणि मोडलेल्या हाडाचा दावा आधी काही महिने लटकला, मग नामंजूर झाला. काका सकाळी ऑफिसला जाताना पडले होते, प्यालेले नव्हते, हे काकूने तीनदा लेखी कळवलं. सव्वा लाख रुपये माझ्या वडिलांनी आणि तिच्या भावाने मिळून भरले.

आता कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्याच कायद्याच्या एकविसाव्या कलमात लिहिलंय की मानसिक आजारासाठी विमा शारीरिक आजाराच्या धर्तीवरच द्यायचा. एका कागदावर तो आजार, दुसऱ्या कागदावर तो गुन्हेगारासारखा वगळलेला. आणि या दोन कागदांच्या मधे उभी असलेली बाई डॉक्टरला खरं सांगू की घर वाचवू, हे तीस सेकंदांत ठरवते. तिने खोटं बोलावं अशी सोय आपणच करून ठेवलीय. मला वाटतं विम्यातलं हे वगळणं गेलं पाहिजे. निदान जीव वाचवण्यासाठी सांगितलेली माहिती दावा नाकारायला वापरता येऊ नये, एवढं तरी विमा नियामकाने ठरवावं.

दुसरी किंमत अब्रूची. ती कायद्याने कमी होत नाही, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने होते. “दारू घेता का?” हा प्रश्न आपल्याकडे आरोपासारखा विचारला जातो, तोही सासूसमोर, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर. उत्तर ‘नाही’ किंवा ‘कधीतरी’ येणारच. तोच प्रश्न शुगर-बीपीच्या ओळीत, प्रत्येकाला, दार लावून विचारला तर उत्तर बदलतं. यासाठी साधने तयार आहेत. अमेरिकेतल्या जॉन ईविंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने चार प्रश्न १९८४ साली प्रसिद्ध केले, ते जगभर वापरतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? आपल्या पिण्याची टोचणी लागली का? सकाळी उठल्याउठल्या उतारा घ्यावा लागतो का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर खोलात जायचं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणीही आहे, पाच मिनिटांची. मधुमेहासाठी बोटाला सुई टोचून घेणारे आपण या चार प्रश्नांना का बिचकतो? प्रत्येक फॅमिली डॉक्टरने, ऑपरेशनपूर्वी प्रत्येक भूलतज्ज्ञाने, कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत प्रत्येकाला ते विचारलेच पाहिजेत. सगळ्यांना विचारले की कुणा एकावर बोट राहत नाही.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि २.७ टक्के लोक दारूवर अवलंबून आहेत, असं त्यात आलं. त्याहून मला टोचणारा आकडा पुढचा आहे. अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांच्या घरी कुणालाच काही कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तिथेही कुठे ना कुठे फुल्या असतील.

‘त्याने स्वतः मान्य केल्याशिवाय काही होत नाही, ठेच लागू दे’, हे मला समजूतदार लोकांनीही सांगितलंय. यात अर्धं खरं आहे. माणसाची तयारी लागते. पण ठेच लागेपर्यंत थांबायचं तर कुणाची ठेच अपघातात लागते, कुणाची लिव्हर निकामी होऊन पोटात पाणी झाल्यावर, आणि मुलीचं बालपण काही त्या ठेचेसाठी थांबून राहत नाही. शिवाय सुरुवात पिणाऱ्यानेच केली पाहिजे असं कुठे आहे? पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांडे त्यामागे उभे राहिले. तिथे बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. अल-अनॉनच्या बैठका तर केवळ दारूच्या व्यसनात अडकलेल्या माणसाच्या कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठीच असतात. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेने तालुक्या-तालुक्याला व्यसनमुक्तीचं क्लिनिक नेलं. १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा मोफत फोन आहे, त्यावर बायको, आई, शेजारीही बोलू शकतात. नवऱ्याला न नेता, आधी एकटीने जाऊन सल्ला घेणं यात चुगली नाही. काकू दोन वर्षं आधी गेली असती तर तिला निदान हे कळलं असतं की भरती करताना काय सांगायचं.

सरकारबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून अलीकडे वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. गावातलं दारूचं दुकान हवं की नको यासाठी बायकांना मतदानाचा हक्क आहे, ‘आडवी बाटली’ या बंदीच्या चिन्हाला मतं देऊन त्यांनी दुकानं बंद पाडलीत. भर उन्हात रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या बायका आपापल्या घरातलं जगजाहीर सांगत होत्या, एवढं धैर्य त्यांच्यात आहे. पण दुकान बंद झाल्यावर त्याच गावात ज्याचे हात कापायला लागतात, त्याला कुठे न्यायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्यासाठी औषध आणि ते द्यायला शिकलेला माणूस हवा. मिळणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा कायद्याने याच कामाला बांधून द्यावा. बाटलीमागे एक रुपया म्हटलं तरी पुष्कळ होईल.

आणि घरात बोलायचं तर कसं? एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. पिऊन आलेल्याशी बोलू नये, ते भिंतीशी बोलणं आहे. सकाळी, चहाच्या वेळी, एकच घडलेली गोष्ट सांगावी. ‘तुम्ही बेवडे झालात’ नको. ‘मंगळवारी तुम्ही पोरीला क्लासहून आणायला जाणार होतात, ती पाऊण तास अंधारात उभी होती’, हे सांगावं. त्याला नाकारता येणार नाही असं. काका पहिल्यांदा रडले ते असंच एक वाक्य ऐकून. बाकीचं आठ वर्षांचं भांडण त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. बाई पीत असेल तर हेही दार बंद असतं. तिला कुणी टोकतच नाही, कारण तसं असेल असं मनात आणायलाही घर तयार नसतं. तिची बाटली मसाल्याच्या बरण्यांमागे वर्षानुवर्षं राहते.

काका त्यातून बाहेर आले. दोनदा पुन्हा प्यायले, पुन्हा उपचार घेतले, आता बरीच वर्षं कोरडे आहेत. उपचारांसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या समुपदेशक ताईंनी काकूला विचारलं, “कधीपासून पितात, किती, काही अंदाज?” काकूने पिशवीतून गुंडाळी काढली. चार वर्षांची कॅलेंडरं होती, रबर लावून ठेवलेली. ताईंनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, पहिलं कॅलेंडर उलगडलं आणि जानेवारीपासून एकेक फुली मोजायला लागल्या. काकू शेजारी बसून सांगत होती, “ही दुधाची. ही नाही. ही ह्यांची.”